पाच-बत्तीसांश इंच

एका परिचितांच्या जुन्या गाडीचं बिल पाहून चक्रावलो. सुटे भाग: काही नाही. मजुरी: चार तास. काम: बॉनेट जुळवणे. झाकण बसवायला चार तास? तशीच एक गाडी पुन्हा कामाला आल्याचं कळलं, तेव्हा ते बिल देणाऱ्या ॲबिंग्डनच्या गॅरेजात मुद्दाम जाऊन उभा राहिलो.

ऑक्सफर्डच्या दक्षिणेचं हे गाव एमजी गाड्यांचं. कारखाना इथं १९२९ साली आला, १९८०च्या ऑक्टोबरात बंद पडला. १९६२पासून अखेरपर्यंत इथं एमजीबी बनली, पाच लाखांहून जास्त. आता उरलंय ते एमजी कार क्लबचं कार्यालय, आणि या गॅरेजातल्या म्हाताऱ्यासारखे सत्तरीतले कारागीर.

समोर होती १९६७ची हिरवी एमजीबी. तिचं बॉनेट ॲल्युमिनियमचं. पुढे कंपनीने ते पोलादी केलं. म्हाताऱ्याने सगळ्यात आधी बॉनेटखालची कुलुपाची पिनच काढून ठेवली. "आधी अडकली तर उघडणार कोण?" एवढंच बोलला. ती पिन खाचेत बसली आणि आतून ओढायची केबल नीट नसली, तर बॉनेट बंदच राहतं आणि पुढचा सगळा दिवस शिव्या देण्यात जातो.

मग मागच्या बिजागऱ्यांचे बोल्ट सैल. भोकं मुळातच लांबट, म्हणून पत्रा हवा तसा केसभर सरकतो. बॉनेट खाली, वाकून बघणं, बॉनेट वर. मापाला फूटपट्टी नाही. पाच-बत्तीसांश इंची ड्रिलचा गुळगुळीत दांडा तो बॉनेटभोवतीच्या फटीतून फिरवतो. डावीकडे दांडा सहज फिरला, उजवीकडे अडला. "पाच-बत्तीसांश," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. म्हणजे जेमतेम चार मिलीमीटर. पुन्हा बोल्ट सैल. उजवी फट सुधारली की मागची बिघडायची, मागची धरली की डावी. मी कंटाळलो, तो नाही.

मूळ साच्यांवर नवी बॉनेटं आजही दाबली जातात. मग नवंच का बसवत नाही? तो हसला. साचा मूळ असेल, गाडी थोडीच आहे! साठ वर्षांत कुठे ठोकर, कुठे गंज, कुठे कुणा शिकाऊने केलेलं वेल्डिंग. नवं बॉनेटही याच बाकावर येतं आणि त्यालाही पाच-बत्तीसांशच लागतं.

पिन शेवटी. ती लांब राहिली तर बॉनेट वर तरंगतं आणि खडखडतं. फार आखूड केली तर आपटावं लागतं, आणि ॲल्युमिनियमवर तळव्याचे खळगे उमटतात. अर्धा आटा फिरवायचा, नट आवळायचा, बंद करून ऐकायचं. पहिल्यांदा डबा पडल्यासारखा आवाज आला. पाच-सहा वेळांनंतर एकच बसका "ठक". बाजूचा सुरक्षा-हूक त्याने तीनदा तपासला, आणि तिथं मला त्याचा हट्ट पटला. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुनी, मोठे बदल न केलेली गाडी २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सुटते. गाडी रस्त्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाची. पण वर्षातून एकदा कुलूप हलवून बघणारं परकं माणूस गेलं. एमजीबीची बिजागरी मागे असते. मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगात पिन सुटली आणि हूकही धरला नाही, तर वारा बॉनेट थेट काचेवर आपटणार. जग्वारच्या ई-टाइपचं बॉनेट पुढून बिजागरलेलं, तिथं वारा ते उलट दाबूनच ठेवतो. एमजीबीला ती सोय नाही, तेव्हा चार तास महाग कसे म्हणायचे?

संध्याकाळी मालक आले. फटीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. बॉनेट उघडलं, हातभर उंचीवरून सोडून दिलं. म्हाताऱ्याचा चेहरा आंबला. त्याने पुन्हा ड्रिल काढलं, चारी बाजूंनी फिरवलं, मग दोन्ही तळवे पुढच्या कडेवर, बरोबर पिनेच्या वर ठेवून बंद कसं करायचं ते दाखवलं. मालकांनी मान डोलावली आणि सही करायला बिल बॉनेटवर पसरलं. म्हाताऱ्याने ते उचलून बाकावर ठेवलं.