ईएसआर की सीआरपी? आमवाताच्या रिपोर्टमधले दोन आकडे

आमवाताच्या पेशंटची फाईल उघडली की ईएसआर आणि सीआरपी या दोन चाचण्या हमखास दिसतात. अंगात दाह किती आहे, हे दोन्ही सांगतात म्हणे. मग एकीचा आकडा चढलेला आणि दुसरी नॉर्मल, असे का होते?

ईएसआर जुनी आणि स्वस्त चाचणी. रक्त उभ्या नळीत ठेवून एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहतात. दाह असला की रक्तात काही प्रथिने वाढतात, पेशींची चवड लागते आणि ती भरभर खाली बसते. म्हणजे हा अंदाज झाला, थेट मोजमाप नव्हे. अंगात रक्त कमी असेल, दिवस गेलेले असतील किंवा वय झाले असेल, तरीही हा आकडा वाढतो. आपल्या वस्त्यांत हिमोग्लोबिन कमी असलेल्या आया-बहिणी थोड्या नाहीत, म्हणून नुसत्या ईएसआरवरून आमवात बळावला असे धरू नये. सिकलसेलच्या आजारात नेमके उलटे होते. विळ्यासारख्या पेशींची चवड लागत नाही आणि दाह असूनही ईएसआर कमी दिसू शकतो. विदर्भातल्या घरांनी हे लक्षात ठेवावे. सिकलसेलमध्येही सांधे दुखतात, तेव्हा तो आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले. दाह सुरू झाला की काही तासांत वाढते, शमला की काही दिवसांत उतरते. ईएसआर उतरायला आठवडे लागतात. रक्त कमी असल्याचा सीआरपीवर फारसा परिणाम होत नाही. औषध लागू पडते का हे पाहायला म्हणूनच सीआरपी जास्त भरवशाची. पण लघवीचा संसर्ग, दाताचा पू, छातीतला कफ यांनीही ती चढते. शिवाय एकक पाहावे. एका लॅबचे लिटरमागे १२ मिलिग्रॅम आणि दुसरीचे डेसिलिटरमागे १.२ मिलिग्रॅम एकच असतात. उगाच घाबरगुंडी उडते.

आरए फॅक्टर मात्र पुन्हा पुन्हा करून आजार किती चढला-उतरला ते कळत नाही. तो खर्च वाचवता येतो.

काही जणांची बोटे सुजलेली असतात, तरी दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येतात. म्हणून डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, पेशंटला कसे वाटते ते विचारतात आणि त्यात ईएसआर किंवा सीआरपी धरून गुण काढतात. ५.१ च्या वर आजार जोरात, २.६ च्या खाली आटोक्यात. सीआरपी धरून काढलेले गुण बहुधा थोडे कमी येतात, त्यामुळे दर वेळी एकच पद्धत ठेवायला सांगावे. या २८ मध्ये पावले आणि घोटे येत नाहीत. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईने पाय दुखत असतील तर स्वतःहून सांगावे.

रिपोर्ट नॉर्मल आला की गोळ्या बंद करणारे पुष्कळ आहेत. तो आकडा बहुतेकदा औषधामुळेच उतरलेला असतो. बंद केल्यावर सांधे पुन्हा सुजतात, आणि एकदा झिजलेले हाड परत भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. तो वार गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही.