विंचू उतरला, सापाचे काय?

भाताची लावणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. अनवाणी पायांनी बांधावरून चालणारा शेतकरी, गवत कापणारी बाई, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेले मूल, अशांच्याच वाट्याला हा दंश येतो. शहरातल्या उंच इमारतीत राहणाऱ्याला सहसा साप चावत नाही. सर्पदंशावरील संशोधनाला पैसा कमी का पडतो, याचे निम्मे उत्तर यातच आहे.

आधी एक चांगली हकिगत पाहू. कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे एके काळी जिवावरचे संकट होते. दंशानंतर रुग्णाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब एकदम चढतो. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि रुग्ण दगावतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात व हृदयावर भार येतो. त्यावर रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन शासनाने या कामाचा गौरव केला.

वाचकहो, या हकिगतीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, संशोधन म्हणजे केवळ महागडी यंत्रे नव्हेत. ते तालुक्याच्या दवाखान्यातही होते. दुसरी, प्राझोसिन कोणा कंपनीने विंचवासाठी शोधलेले नव्हते. स्वस्त गोळीवर आणि गरीब रुग्णावर नफा मिळत नाही, म्हणून असे संशोधन बाजार करीत नाही. ते शासनानेच करावे लागते.

अजून जुनीच लस

सर्पदंशात मात्र आपण बरेच मागे आहोत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांतले.

सर्पविषावरील लस घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्यांपासून तयार करतात. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर चालते. सह्याद्रीतील चापड्याच्या विषावर ती उपयोगी पडत नाही. शिवाय लशीसाठी लागणारे विष मुख्यत्वे तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे आता सिद्ध झाले आहे. त्यामुळे काही भागांत लशीच्या बाटल्यांमागून बाटल्या द्याव्या लागतात, तरीही गुण हवा तसा येत नाही. यावर उपाय म्हणजे प्रदेशवार विष गोळा करून नवी लस तयार करणे. हे काम वर्षानुवर्षे चालणारे आहे आणि त्याला पैसा लागतो.

शंभरातले चार रुपये

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयासाठी सुमारे ९९ हजार ८५९ कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांपैकी आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला सुमारे ३ हजार ९०० कोटी आले; शंभर रुपयांतले चार रुपये. सगळ्या शास्त्रांच्या संशोधनावर मिळून २०२०-२१ मध्ये देशाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांहून अधिक, तर दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक खर्च करतो.

‘दवाखान्यात औषधे नाहीत, मग संशोधन कशाला?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण नेमकी लस मिळाली तर दहा बाटल्यांचे काम थोडक्यात होईल, रुग्ण लवकर घरी जाईल आणि औषधांचाच खर्च वाचेल. संशोधनावरचा पैसा हा बियाण्यासारखा असतो. ते खाऊन टाकले तर पुढच्या हंगामात पेरायचे काय?

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस तयार केली व जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची परळची संस्था आज राज्य शासनाकडे आहे. ही परंपरा नुसती जयंतीपुरती उरू नये.

आपण काय करावे?

मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टामागे निधी उभा करणे हे आपल्या खासदार-आमदारांचे काम. केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत व राज्याचा साधारणतः मार्चमध्ये येतो. त्याआधी ग्रामसभेने, शेतकरी मंडळाने, महिला मंडळाने त्यांना साधे पत्र लिहावे. मागण्या तीनच: आरोग्य संशोधनाची तरतूद वाढवा, महाराष्ट्रातील सापांच्या विषावर संशोधन करून लस बनवा, ग्रामीण डॉक्टरांना संशोधनासाठी अनुदान द्या. रस्ता-पूल मागताना आपण संकोच करीत नाही, मग हे मागताना का करावा?

आणि तोपर्यंत एवढे विसरू नका: साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. रुग्णाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि तडक रुग्णालय गाठा.