कातडीखालचा परवाना

सेवाग्रामला पाहुणे येतात, बापूकुटी बघतात, पिंपळाखाली घटकाभर टेकतात आणि परततात. मला तिथे गेलं की जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीचं पटांगण आठवतं.

तारीख १६ ऑगस्ट १९०८. ट्रान्सवाल सरकारने तिथल्या हिंदी लोकांसाठी कायदा केला होता. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, परवाना जवळ बाळगायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा. गांधीजींनी आधी तडजोड केली होती. लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी आणि सरकारने सक्तीचा कायदा मागे घ्यावा, असं ते समजून चालले होते. लोकांनी नोंदणी केली, कायदा मात्र तसाच राहिला. तेव्हा मशिदीच्या पटांगणात मोठ्या कढईत दोन हजारांवर परवाने रॉकेल ओतून जाळले गेले. म्हणजे खरं भांडण सक्तीशी होतं. आपखुशीने ठसे द्यायला गांधीजी स्वतः तयार झाले होते.

आता कागदाच्या जागी चिप येऊ पाहते आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेत माणसाच्या दंडात बसवायच्या चिपला सरकारी मान्यता मिळाली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, सुईने कातडीखाली सोडायची. तिच्यात बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ नेलं की ती आपला क्रमांक सांगते. बेशुद्ध रुग्णाची ओळख पटावी, हा हेतू. ती उपग्रहावरून कुणाचा माग काढत नव्हती, आणि २०१० मध्ये तिची विक्रीही थांबली. पण अशी यंत्रं दारोदारी, दुकानात, फलाटावर बसवली, तर नुसत्या क्रमांकांच्या नोंदी जोडून माणसाचा अख्खा दिवस मांडता येईल. हा धोका ओळखून विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्ये सक्तीने चिप बसवण्यावर बंदी घातली.

हे सारं लांबचं वाटेल. पण आपल्या शेजारच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली होती. कामगार नेमून दिलेल्या भागात आहे की नाही, ते त्यावरून कळे आणि हजेरी त्याला जोडलेली असे. कामचुकारपणाला आळा बसावा, हे म्हणणं चूक नाही. पण पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्यालाच घड्याळ का, हा प्रश्न उरतोच. पाळत नेहमी अशाच माणसापासून सुरू होते, ज्याला नाही म्हणणं परवडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितलं, की जामिनावर सुटलेल्या आरोपीची हालचाल पोलिसांना सतत दिसत राहील, अशी अट घालता येणार नाही. आरोपीला जे स्वातंत्र्य आहे, ते मजुराला, विद्यार्थ्याला, म्हाताऱ्या आईबापांना का नसावं?

उद्या एखादा विसरभोळा बाप घराची वाट चुकू नये म्हणून त्याच्या अंगावर असं काही बसवावंसं वाटेल. त्यामागची माया खरीच असेल. तरी आधी तीन गोष्टी विचाराव्यात. नाही म्हणता येतं का? नोंदी कोण वाचणार? आणि नको झालं, तर काढता येतं का?

परवाना कढईत टाकता आला. घड्याळ मनगटावरून उतरवता येतं. कातडीखालचा दाणा काढायला मात्र दुसऱ्याच्या हातातली सुरी लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)