खुब्याची वाटी मोडते तेव्हा

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघाले की तवंदीचा घाट लागतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर वाहनांची वर्दळ अहोरात्र. अपघात झाला की मराठी काय, कन्नड काय, सगळेच मदतीस धावतात. जखमीच्या काखेत हात घालून त्याला उभे करतात आणि म्हणतात, 'जरा चालून बघा.' हेतू चांगला खरा; पण खुब्याची वाटी मोडली असेल तर हीच मदत घातक ठरते.

खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. तरुण माणसाची ही वाटी सहजी मोडत नाही. त्यास जबर आघातच लागतो. मोटारीत बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला की धक्का मांडीच्या हाडातून थेट वाटीपर्यंत पोचतो आणि बहुधा तिची मागची कड फुटते. वृद्धांमध्ये मात्र घरातले साधे पडणेही त्यास पुरते.

हे ओळखावे कसे? जांघेत वा कुल्ल्यात तीव्र वेदना होतात, पाय हलविताच त्या वाढतात आणि पायावर भार देववत नाही. गोळा मागे निखळला असेल तर पाय आखूड होतो, गुडघा किंचित वाकून आत वळतो. उलट, मांडीच्या हाडाची मान मोडली तर पाय बाहेर वळतो. परंतु पाय सरळ दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. गोळा जागेवर असल्यास बाहेरून व्यंग दिसेलच असे नाही. पाऊल वर उचलता येईना, बधिर वाटू लागले, तर मज्जातंतूस इजा झाल्याचा संशय घ्यावा. चेहरा पांढरा पडून घाम सुटला, नाडी जलद झाली, तर आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाय आहे त्याच स्थितीत ठेवून घडी केलेल्या चादरीचा आधार द्यावा. ओढू नये, चोळू नये, चहापाणी पाजू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. निखळलेला गोळा शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो. विलंबाने त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकते. हाडवैद्याकडे गेलेला वेळ म्हणूनच महाग पडतो.

पुढचे काम क्ष-किरण व सीटी स्कॅनचे. फ्रान्समधील जुदे बंधू व लेतूर्नेल यांनी १९६४ साली मांडलेल्या वर्गवारीच्या आधारे शल्यविशारद आजही उपचार ठरवितात. आपले काम त्याआधीचे व तितकेच मोलाचे : जखमीला उभे न करणे.