गाडीचा नंबर लिहून ठेवणारी माणसं

शीळफाटा म्हटलं की ठाणे-कल्याणकडच्या माणसाला आठवते ती वाहनांची रांग. कल्याणहून येणारा रस्ता इथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो, महापेकडे जाणारी वाहनं इथूनच वळतात आणि जेएनपीटी बंदराचे कंटेनर रात्रंदिवस इथून ये-जा करतात. रेल्वेचं वेड असलेल्या माणसाच्या नकाशावर मात्र हा फाटा वेगळ्याच कारणाने ठळक असतो. उत्तरेला दिवा जंक्शन, पूर्वेला निळजे स्टेशन, वायव्येला मुंब्र्याचा डोंगर आणि त्यातला पारसिकचा बोगदा, हे सगळं इथून पाच-सहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. थोडं पुढे गेलं की ठाकुर्ली आणि कल्याण. भारतीय रेल्वेत जे जे नवं आलं, त्यातलं बरंचसं पहिल्यांदा या पट्ट्यातून धावलं. म्हणूनच गाड्या बघणं, त्यांचे फोटो काढणं आणि घरी त्यांच्या छोट्या प्रतिकृती करणं हा छंद इथे रुजला, यात नवल नाही.

या छंदाकडे लोक कौतुकाने पाहतात, पण त्याला पोरखेळ समजतात. माझं मत वेगळं आहे. रेल्वे ही सतत स्वतःला बदलत राहणारी यंत्रणा आहे. नवं इंजिन आलं की जुनं भंगारात निघतं, नवा मार्ग झाला की जुना विस्मरणात जातो. प्रवासी तर वेळ गाठण्याच्या घाईत असतात. या सगळ्यात थांबून, नीट पाहून, लिहून ठेवणारी माणसं म्हणजे हे छांदिष्ट. त्यांचं काम नोंदींचं आहे आणि ते फार मोलाचं आहे.

डोंगर, खाडी आणि वीज

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा ती पाहायला लोटलेली गर्दी हेच या छंदाचं मूळ. त्या काळच्या मुंबईकराला आगगाडीचं किती अप्रूप होतं, हे गोविंद नारायण माडगावकरांच्या 1863 च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये वाचायला मिळतं. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 रोजी, गाडी कल्याणला पोहोचली. त्यासाठी ठाण्याची खाडी ओलांडावी लागली आणि मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे पाडावे लागले. रूळ डोंगराला वळसा घालत गेले. तो वळसा टाळण्यासाठी पारसिकचा सरळ बोगदा खोदला गेला आणि 1916 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. सुमारे 1.3 किलोमीटर लांबीच्या या बोगद्यातून जलद लोकलने जाताना डब्यातलं बोलणं क्षणभर थांबायचं, हा अनुभव डोंबिवलीकरांच्या कित्येक पिढ्यांचा आहे. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका 2022 मध्ये पूर्ण झाली. तेव्हापासून हा बोगदा मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाट्याला आला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या.

विजेचा इतिहासही इथेच घडला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत कुर्ल्यापर्यंत पहिली विजेवरची गाडी धावली आणि 1930 पर्यंत तारा पुणे व इगतपुरीला जाऊन भिडल्या. ठाकुर्लीचं चोळा वीजगृह याच गाड्यांसाठी उभारलेलं. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांतून इंजिनं आली. त्यांचं शरीर तीन भागांत दुमडणारं, दोन्हीकडे लांब नाक आणि चाकांना बाहेरून जोडलेले दांडे. डब्ल्यूसीजी-1 हे त्यांचं नंतरचं सरकारी नाव, पण लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं आणि तेच टिकलं. त्यातला एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहता येतो.

इंजिनाच्या नावातली अक्षरं कळली की या छंदाचं दार उघडतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. सी म्हणजे डीसी वीज, ए म्हणजे एसी, डी म्हणजे डिझेल. पी प्रवासी गाडीसाठी, जी मालगाडीसाठी, एम दोन्हींसाठी. आता डब्ल्यूसीएएम-3 हे नाव वाचा: ब्रॉडगेज, डीसीवरही चालणारं, एसीवरही चालणारं, दोन्ही कामांचं इंजिन. मुंबईभोवती 1500 व्होल्ट डीसी आणि उरलेल्या देशात 25,000 व्होल्ट एसी, अशी सीमारेषा होती. तिच्यामुळे इगतपुरीला गाड्यांची इंजिनं बदलावी लागत. ती बदलाबदल वाचवण्यासाठी हे दुहेरी इंजिन जन्माला आलं आणि कल्याणची शेड त्याचं घर झाली. कसारा मार्गावर 2006 मध्ये एसी आली, पुण्याच्या मार्गावर 2010 मध्ये, आणि जून 2015 मध्ये मुख्य मार्गावरची डीसी संपली. सीमाच पुसली गेल्यावर या इंजिनाचं वेगळेपण उरलं नाही. रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं हे यंत्र कसं दिसायचं, कुठल्या रंगात होतं, कुठली गाडी ओढायचं, हे आज तपशिलाने सांगू शकतात ते नोंदी ठेवणारे रेल्वेफॅनच.

बघण्याची विद्या

जाणकार रेल्वेफॅन प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहतो तेव्हा तो नुसती गाडी पाहत नाही. इंजिनाच्या अंगावरचा पाच आकडी नंबर आणि त्याखालचं शेडचं नाव तो आधी टिपतो. कुठल्या गाडीला कुठल्या शेडचं इंजिन लागायचं, हे ठरलेलं असतं. त्याला लिंक म्हणतात. एखाद्या दिवशी भलत्याच शेडचं इंजिन आलं की ती गाडी ‘ऑफलिंक’, आणि तिची खबर दिव्यापासून पुण्यापर्यंत क्षणात पोहोचते. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. अल्को डिझेलचं धडधडणं, थ्री-फेज इंजिन सुटताना टप्प्याटप्प्याने चढत जाणारा सूर, हे ऐकून इंजिन न बघता ओळखणारी मुलं डोंबिवली-दिव्यात आहेत.

निळजे आणि दातिवली ही स्टेशनं अशा निरीक्षणाला विशेष चांगली. दिवा-पनवेल मार्ग 1964 साली सुरू झाला आणि कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर त्याला वेगळंच महत्त्व आलं. कोकणकन्या, मांडवी, दिवा-सावंतवाडी, रोह्याची मेमू, बंदराच्या मालगाड्या, सगळी मंडळी याच रुळांवर. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, तोवर कोकणच्या गाड्यांपुढे डिझेल इंजिनच असायचं. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या आठवणीत त्या इंजिनाचा धूर आणि आवाज आहे. आता निळज्याजवळून पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गही जातो. त्याच्या तारा रुळांपासून साडेसात मीटर उंच, कारण त्यांच्याखालून एकावर एक कंटेनर रचलेल्या मालगाड्या जायच्या आहेत. तारांची उंची पाहून खालून काय धावणार हे ओळखणं, यालाच मी बघण्याची विद्या म्हणतो.

एका सेकंदाचा हजारावा भाग

फोटोला गणित लागतं. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडा राहिला, तरी तेवढ्यात ती 11 सेंटीमीटर सरकते, आणि समोरून पूर्ण आडवी जाणारी गाडी फोटोत पुसट होते. हजारावा भाग ठेवला तर जेमतेम तीन सेंटीमीटर. गाडी तिरकी येत असेल तर चौकटीतलं सरकणं आणखी कमी दिसतं. पण पडद्याचा वेग फार वाढवला की लोकलच्या पाटीवरची एलईडी अक्षरं अर्धवट येतात, कारण ते दिवे सलग पेटलेले नसतात, भराभर उघडझाप करत असतात. नोंद म्हणून फोटो काढायचा तर पाटी वाचता यायलाच हवी.

उजेडाचंही तसंच. दिवा-पनवेल मार्ग साधारण उत्तर-दक्षिण असल्याने सकाळी पूर्वेच्या बाजूला आणि दुपारनंतर पश्चिमेला उभं राहावं लागतं. पावसाळ्यात पारसिकचा डोंगर हिरवा होतो, ढगांतून मऊ उजेड येतो आणि इंजिनाची बाजू सावलीत काळवंडत नाही. एक नियम मात्र उजेडाच्याही आधी येतो. रुळांवर पाऊल टाकायचं नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय ज्याचं गाडीवर खरं प्रेम आहे, त्याने मोटरमनच्या छातीत धडकी भरवू नये. चांगले फोटो प्लॅटफॉर्मवरून, पादचारी पुलावरून आणि सार्वजनिक रस्त्याच्या कडेने मिळतात.

टेबलावरची रेल्वे

नोंदींचा कस लागतो तो प्रतिकृती करताना. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे मूळ आकाराचा 87 वा भाग. एलएचबी या आधुनिक प्रकारचा डबा साडेतेवीस मीटरचा. त्याची प्रतिकृती 27 सेंटीमीटर भरते. 22 डब्यांची गाडी जुळवली तर इंजिन सोडून सहा मीटर. पारसिकचा बोगदा याच प्रमाणात 15 मीटर लांब होईल. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत हे मावणार कुठे? म्हणून कुणी पाच डब्यांची गाडी करतो, कुणी 160 व्या भागाचं एन प्रमाण घेतो, कुणी पुठ्ठा आणि फोमशीट कापून फक्त एक इंजिन घडवतो, पण त्याच्या जाळ्या, पायऱ्या, दिवे, नंबर सगळं बिनचूक.

भारतीय कारागिराची आणखी एक अडचण आहे. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला जवळपास 19.3 मिलिमीटर हवेत. त्यामुळे बाजारच्या रुळावर ठेवलेलं आपलं इंजिन चाकांशी थोडं अरुंद दिसतं. बरेच जण ही तडजोड स्वीकारतात. काही जिद्दी माणसं रूळही स्वतः बनवतात.

महाराष्ट्रात या कलेचं सगळ्यात मोठं घर पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून 1 एप्रिल 1998 रोजी तिथे छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं. एक अख्खं गाव टेबलावर वसवलेलं: सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस, वाफेच्या गाड्यांपासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळं चालतं-फिरतं. आईवडील मुलांना दाखवायला घेऊन जातात आणि स्वतःच तिथे जास्त वेळ रेंगाळतात. एका माणसाचा घरगुती छंद गावाच्या मालकीचा कसा होतो, याचं हे उत्तम उदाहरण. ठाणे जिल्ह्याने, जिथे पहिली गाडी आली त्या जिल्ह्याने, असं एक घर उभारायला हवं. पारसिक, दिवा, निळजे आणि खेकडा यांना तिथे हक्काची जागा मिळेल.

पुढची गाडी

आता शीळफाट्याखालूनच नवा अध्याय निघतो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून सुरू होणारा 21 किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याशी संपतो. त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. घणसोली ते शीळफाटा हा 4.88 किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर 2025 मध्ये आरपार झाला. 1916 साली 1.3 किलोमीटरचा बोगदा मिरवणाऱ्या याच परिसरात हे घडतंय. आणि ही गाडी स्टँडर्ड गेजची आहे, म्हणजे तिची एचओ प्रतिकृती बाजारच्या रुळावर अगदी बिनचूक बसेल.

तिचे फोटो काढायला कॅमेऱ्यांची कमतरता पडणार नाही. काळजी आहे ती बाकीच्यांची. दिव्याहून रोह्याला निघणारी मेमू, निळज्याचा आजचा प्लॅटफॉर्म, दरवाजे उघडे असलेली बारा डब्यांची लोकल, स्टेशनवरच्या पाटीची अक्षरं: यांतलं काय कधी नाहीसं होईल ते आज सांगता येत नाही. म्हणून या भागात राहणाऱ्या आणि गाडीवर जीव असलेल्या प्रत्येकाला एवढंच सांगावंसं वाटतं. रोजची गाडी टिपा. फोटोखाली तारीख, जागा, गाडीचं नाव आणि इंजिनाचा नंबर लिहा. नुसत्या फोटोचं पुढे फक्त कौतुक होईल. या चार गोष्टी सोबत असतील, तर त्यावरून कुणीतरी इतिहास लिहू शकेल आणि कुणीतरी ती गाडी टेबलावर पुन्हा चालवू शकेल.