रूळ सरकवून मिळवलेली जागा

31 मे ते 2 जून 2024. ठाणे स्थानकात 63 तासांचा मेगाब्लॉक. शेकडो लोकल रद्द झाल्या, चाकरमान्यांचे हाल झाले. आणि हे सगळं कशासाठी, तर पाच नंबरचा फलाट दोन-तीन मीटरनं रुंद करण्यासाठी. ज्यांनी संध्याकाळच्या गर्दीत या फलाटावर अंग चोरून जलद लोकलची वाट पाहिली आहे, त्यांना या दोन-तीन मीटरचं मोल सांगायला नको. पाच आणि सहा नंबर मिळून एकच फलाट. दोन्ही कडांना गाड्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जिने. एका बाजूची गर्दी गाडीत शिरत असताना दुसऱ्या बाजूची जिन्याकडे निघालेली असते.

काम सोपं नव्हतं. आधी धावता रूळ बाजूला सरकवायचा, त्याच्या डोक्यावरची वीजवाहक तारही त्याबरोबर न्यायची आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे बसवायचे. जागेवर काँक्रीट ओतून ते सुकेपर्यंत थांबायला इथे वेळच नव्हता. उद्घाटनाच्या फिती कापाव्यात अशी ही कामं दिसत नाहीत, पण ठाण्याला मिळालेल्या सर्वांत उपयोगी कामांत मी याची गणना करतो.

ठाण्याची खरी अडचण जागेचीच आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 निमंत्रित घेऊन पहिली गाडी इथे आली, तेव्हा 34 किलोमीटरच्या लोहमार्गाचं हे शेवटचं टोक होतं. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून, पारसिकच्या डोंगरातून वाट काढून रूळ कल्याणला पोचले. शहर मात्र स्थानकाला खेटून वाढलं. एका बाजूला स्टेशन रोड आणि बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला कोपरी, पुढे खाडी. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर गेलेली होती. रेल्वेला हातपाय पसरायला जागा उरली नव्हती.

तरीही 2004 मध्ये ट्रान्स हार्बर मार्ग सुरू झाला आणि ठाण्याचं रूप पालटलं. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे या स्थानकांवरून जाणाऱ्या गाड्या नऊ-दहा नंबरवरून सुटू लागल्या. तोपर्यंत ठाणेकर सकाळी मुख्यतः मुंबईकडे तोंड करून निघत. आता डोंबिवली-बदलापूरची माणसं ठाण्याला उतरून नवी मुंबईच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत जाऊ लागली. म्हणजे स्थानकावर नुसती चढ-उतार राहिली नाही, गाडी बदलणाऱ्यांचा लोंढाही आला. हे लोक शहरात पाऊलही टाकत नाहीत, पण दिवसातून दोनदा पादचारी पूल भरून टाकतात. माझ्या मते ठाण्याचे पूल या गर्दीचा हिशेब धरून बांधायला हवे होते. ते एकेक करून, गरज गळ्याशी आल्यावर आले.

ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचंही तेच. 2008 मध्ये मंजुरी, फेब्रुवारी 2022 मध्ये लोकार्पण. अंतर जेमतेम साडेनऊ किलोमीटर! वाटेत खाडी, डोंगर, झोपड्या, रस्ते. त्यानंतर 1916 चा पारसिक बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाला आणि जलद लोकल मुंब्र्यावरून धावू लागल्या. लोकल आणि मेल-एक्स्प्रेस यांची वाट वेगळी होणं हा मोठाच दिलासा आहे, कारण पूर्वी एक मेल उशिरा आली की मागच्या लोकल रखडत.

रुळांवरचं असं सुटत जातं, स्थानकाबाहेरचं अवघड. पश्चिमेला स्थानक परिसरातली वाहतूक सुधारण्यासाठीचा सॅटिस पूल झाला, बसगाड्या वर गेल्या, खाली रिक्षांना जागा झाली, आणि वरूनच थेट पादचारी पुलांवर जाता येऊ लागलं. पूर्वेला कोपरीच्या बाजूनं तसंच काम हाती घेण्यात आलं. बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक मात्र इथे नाहीच. ते दिव्याजवळ म्हातार्डीला होतंय.

गर्दी खरोखर कमी होण्याची आशा ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या नव्या स्थानकावर आहे. त्यासाठी मनोरुग्णालयाची जागा ठरली आणि जमिनीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि वागळे इस्टेटच्या प्रवाशांना तिथे गाडी पकडता आली, तर त्यांना जुन्या स्थानकाच्या जिन्यांवर यायचं कारणच उरणार नाही. फक्त त्या स्थानकाचे फलाट आणि पूल पहिल्याच दिवसापासून ऐसपैस हवेत. तिथेही पुढे रूळ सरकवायची पाळी येऊ नये.