गोटीचा उतार आणि बागेचे पाणी

ठिबकाची जुनी नळी उभी चिरून, धांड्यांच्या टेकूवर उतार बांधून पोर गोट्या सोडत असेल तर रागावू नका. शहरातली मुले खेळण्यांच्या तुकड्यांतून जत्रेतल्यासारखी रोलर कोस्टर बांधतात, त्यातलाच हा प्रकार. गोटी सोडल्या उंचीपेक्षा वर कधीच चढत नाही. घर्षण आपला वाटा खातेच. म्हणून गोल वेढा पार करायला सुरुवात वेढ्याच्या निदान दीडपट उंच हवी.

चौकोनी टेकू डुलतो, तिरपा धांडा बांधला की ताठ. गोठ्याच्या छपराची कैची तशीच. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हनळीतून हेच शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सावनेरकडच्या बागेत शेवटच्या संत्र्यापर्यंत पाणी पोचायला टाकी किती उंच हवी, हे अशा पोराला लवकर उमगते. नळी चिरताना चाकू मात्र तुम्हीच धरा.